'माझ्या मशीनवर तर चालतंय, सर!'

हे वाक्य आपल्या कॉलेजात ओरल्सच्या दिवसांत इतक्या वेळा ऐकू येतं की कॉलेजचं बोधवाक्य म्हणून गेटवर रंगवायला हरकत नाही. विद्यार्थी म्हणतो, परीक्षक मान हलवतात, गाईड सर घड्याळाकडे बघतात आणि वर्षभराचं काम एका लॅपटॉपच्या मेहेरबानीवर लटकत राहतं!

मित्र-मैत्रिणींनो, मी मूळची सेनगावची. हिंगोली जिल्हा म्हटलं की अर्ध्या लोकांना 'म्हणजे नांदेडजवळ का?' असं विचारायचं असतं, तर सेनगाव तालुका कुठून माहीत असणार! शिक्षण मात्र घरापासून लांब, कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मी मराठी विभागासाठी लिहिते आहे म्हटल्यावर हॉस्टेलमध्ये जरा हशाच पिकला. पण जे सांगायचं आहे ते आपल्या मेसमध्ये, लॅबमध्ये, कॉरिडॉरमध्ये आपण मराठीतच बोलतो. मग लिहायचं का नाही?

तर माझं मत सरळ आहे. जो सॉफ्टवेअर प्रोजेक्ट कमांड लाइनवरून, एका स्क्रिप्टने, कुठल्याही कोऱ्या मशीनवर 'बिल्ड' होत नाही, तो प्रोजेक्ट पूर्ण झाला असं मानूच नये. त्याला फार तर 'होत आलाय' म्हणावं.

मेकॅनिकल-सिव्हिलच्या मंडळींसाठी आणि कदाचित हे पान वाचणाऱ्या रेक्टर मॅडमसाठी आधी थोडं सांगते. आपण लिहितो तो कोड म्हणजे कच्चा माल. त्यातून चालणारा प्रोग्राम तयार व्हायला बऱ्याच पायऱ्या लागतात. लागणाऱ्या लायब्ररी आणायच्या, कोड कंपाइल करायचा, तुकडे जोडायचे, टेस्ट चालवायच्या, डेटाबेसची टेबलं तयार करायची, शेवटी पॅकेज बांधायचं. ह्या सगळ्याला मिळून बिल्ड म्हणतात. आमच्या भागातली हळद घ्या ना! शेतातून काढली की लगेच बाजारात जात नाही. आधी शिजवायची, मग उन्हात वाळवायची, मग ड्रममध्ये घालून पॉलिश करायची. क्रम बदलून चालत नाही. आणि पॉलिश नीट झालं नाही म्हणून कुणी हळद पुन्हा शिजवत नाही, फक्त पॉलिश परत करतात. बिल्डचंही अगदी तसंच आहे. कुठली पायरी कशावर अवलंबून आहे आणि काय बदललं तर काय पुन्हा करावं लागेल, हे एकदा लिहून ठेवायचं. मग ते काम मशीनने करायचं, माणसाने नाही.

ही कल्पना काही आजची नाही. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन ह्यांनी 'मेक' नावाचं छोटंसं टूल लिहिलं. त्यामागची हकिगत त्यांनीच सांगितली आहे. स्टीव्ह जॉन्सन नावाचे त्यांचे सहकारी (कंपायलरच्या विषयात आपण ज्या 'याक'चं नाव पाठ करतो, ते लिहिणारे हेच) एक अख्खी सकाळ एका बगच्या मागे लागले होते. बग तर आधीच दुरुस्त झालेला होता! फक्त दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. त्यावर फेल्डमननी जे उत्तर शोधलं ते 'मेक'. पुढे २००३ मध्ये त्यांना ह्याच कामासाठी एसीएमचं सॉफ्टवेअर सिस्टिम अवॉर्ड मिळालं. 'मेक'च्या फाइलमध्ये प्रत्येक कमांडच्या आधी टॅबच द्यावा लागतो, स्पेस दिली की भांडण सुरू! हा त्रासही तेव्हापासूनचाच. फेल्डमनना ती अडचण लगेच कळली होती, पण तोवर डझनभर लोक 'मेक' वापरू लागले होते आणि त्यांचं काम मोडायला नको म्हणून टॅब तसाच राहिला. त्या डझनभरांसाठी आपण सगळे आजही टॅब दाबतोय.

सांगायचा मुद्दा असा, की जी चूक १९७६ मध्ये बेल लॅब्जमधल्या दिग्गजांना नडली, ती आपल्याला नडणार नाही असं समजायचं काही कारण नाही.

एक प्रसंग सांगते. आमच्या हॉस्टेलमधल्या सीनियर ताईंचा चौघींचा एक ग्रुप होता. प्रोजेक्ट खरंच चांगला, स्वतः केलेला, विकत घेतलेला नाही. (विकत घेतलेल्यांबद्दल पुढे बोलू.) पण तो चालायचा एकीच्याच लॅपटॉपवर. ओरलच्या आदल्या संध्याकाळी त्या लॅपटॉपने मान टाकली. आता गंमत बघा. कोड चौघींच्याही पेनड्राइव्हवर होता, एकही ओळ हरवली नव्हती. तरी लॅबच्या मशीनवर प्रोजेक्ट काही उठेना. एक लायब्ररी नव्या व्हर्जनची आली, तिच्यातलं फंक्शनच बदललेलं. डेटाबेसची दोन टेबलं कधीतरी हाताने क्लिक करून बनवलेली, कशी ते कुणालाच आठवेना. आणि कोडमध्ये चार ठिकाणी सी ड्राइव्ह, युझर्स, मग ताईंचं नाव, मग डेस्कटॉप असा पूर्ण पत्ता टाकलेला! रात्री तीनपर्यंत सगळ्या जागल्या. सकाळी स्क्रीनशॉट दाखवून प्रेझेंटेशन झालं आणि मार्क व्हायचे तेवढे कमी झाले. सामान सगळं घरात होतं, कृती मात्र कुणी लिहून ठेवली नव्हती.

ती कृती म्हणजेच बिल्ड स्क्रिप्ट.

आता आपल्या लॅबमध्ये बहुतेक मशीन विंडोजची. म्हणून पुष्कळांना वाटतं, कमांड लाइन हे लिनक्सवाल्यांचं खूळ आहे. हा गैरसमज जितक्या लवकर जाईल तितकं बरं. विंडोज १० आणि ११ मध्ये पॉवरशेल आधीच बसवलेलं येतं. त्याची कल्पना जेफ्री स्नोव्हर ह्यांनी २००२ मध्ये 'मोनॅड' ह्या नावाने मांडली, पहिली आवृत्ती २००६ मध्ये आली आणि २०१६ मध्ये तर मायक्रोसॉफ्टने ते ओपन सोर्स करून लिनक्सवरही आणलं. म्हणजे कुणाची परवानगी नको, डाउनलोड नको. एवढंच काय, ज्या विंडोजवर डॉट नेट फ्रेमवर्कची चौथी आवृत्ती आहे तिथे विंडोजच्याच फोल्डरमध्ये सी शार्पचा जुना का होईना पण कंपायलर पडलेला असतो, आणि त्याच्या शेजारी एमएसबिल्डही! आपण वर्षानुवर्षं त्याच मशीनवर बसतो आणि 'अजून सॉफ्टवेअर इन्स्टॉल झालं नाही, सर' म्हणतो.

पॉवरशेलमध्ये बिल्ड लिहायचं म्हणजे फार काही नाही. प्रत्येक पायरीचं एक फंक्शन. 'साफ कर' हे एक, त्यात जुन्या आउटपुटचं फोल्डर उडवायचं. 'लायब्ररी आण' हे दुसरं. 'कंपाइल' तिसरं, त्यात एमएसबिल्ड किंवा जावाचा कंपायलर जो असेल तो बोलवायचा. मग 'टेस्ट', मग 'पॅकेज'. कुठलं कशाच्या आधी ते सांगायचं. ज्यांना ही जोडणी स्वतः करायची नाही त्यांच्यासाठी 'सेक' नावाचं तयार टूल आहे, तेही पॉवरशेलमध्येच लिहिलेलं. जावावाल्यांसाठी मेव्हन आणि ग्रेडल. ग्रेडलच्या प्रोजेक्टमध्ये रॅपर नावाची छोटी स्क्रिप्ट ठेवता येते, ती हवं तेच ग्रेडलचं व्हर्जन स्वतः आणते. पायथनवाल्यांनी निदान लायब्ररींची यादी व्हर्जनसकट लिहून ठेवावी आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट स्क्रिप्टनेच तयार करावं. लिनक्सवर तर आपला जुना 'मेक' आहेच.

करून बघणाऱ्यांना दोन-तीन खड्डे लागतील, ते आधीच सांगते. पहिला, पॉवरशेलमध्ये कमांड टाइप केली तर चालते, पण तीच फाइलमध्ये लिहून फाइल चालवली की लाल अक्षरांत नकार येतो. व्हायरस वगैरे काही नसतो, घाबरू नका. विंडोजच्या साध्या मशीनवर स्क्रिप्ट चालवण्याची परवानगी सुरुवातीला बंद असते. ती फक्त त्या एका विंडोपुरती उघडता येते, अर्थात लॅब असिस्टंटना सांगून.

दुसरा खड्डा जास्त वाईट. बाहेरून बोलावलेला कंपायलर फेल झाला तरी पॉवरशेल आपणहून थांबेलच असं नाही, ते पुढची ओळ चालवत सुटतं. मग कालचंच जुनं पॅकेज आज 'बिल्ड यशस्वी' म्हणून समोर येतं आणि आपण खूश! प्रत्येक प्रोग्राम संपताना एक आकडा परत देतो, शून्य म्हणजे सगळं ठीक, दुसरं काही म्हणजे गडबड. स्क्रिप्टने तो आकडा बघून तिथल्या तिथे थांबलं पाहिजे. 'सेक'मध्ये ह्यासाठी 'एक्झेक' नावाचं फंक्शन आहे, बॅशमध्ये वरती 'सेट'ची एक ओळ लिहिली की बऱ्याच अंशी काम होतं. चुकल्यावर थांबत नाही ती स्क्रिप्ट असून नसल्यासारखीच.

तिसरा खड्डा म्हणजे पासवर्ड. डेटाबेसचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ती फाइल सगळ्या जगाला वाटू नका, बस्स.

'एवढा आटापिटा कशाला? आयडीईमध्ये हिरवं बटण दाबलं की झालं की!' हा प्रश्न मला हमखास येतो. बटण जरूर दाबा, मीही दाबते. कोड लिहायला आयडीईसारखं सुख नाही. पण बटणामागे काय काय सेटिंग्ज आहेत त्या कुठे लिहिलेल्या असतात? पुष्कळदा तुमच्या त्या लॅपटॉपमध्ये, नाहीतर तुमच्या डोक्यात. दोन्ही गोष्टी पुढच्या बॅचला देता येत नाहीत. जोएल स्पोल्स्की ह्यांनी २००० साली सॉफ्टवेअर टीम पारखायचे बारा प्रश्न लिहिले होते. त्यातला दुसराच प्रश्न आहे, तुम्ही एका पायरीत बिल्ड करू शकता का? पायऱ्या जितक्या जास्त आणि हाताने करायच्या जितक्या जास्त, तितकी घाईच्या दिवशी एखादी राहून जाण्याची शक्यता जास्त.

राहून गेली तर काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल ह्या शेअर ट्रेडिंगच्या कंपनीत २०१२ मध्ये नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर हाताने चढवला जात होता. सातांवर चढला, आठव्यावर राहिला. तपासायची दुसरी काही व्यवस्था नव्हती. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि त्या आठव्या सर्व्हरवरचा जुना कोड जागा होऊन ऑर्डरी टाकत सुटला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान! कंपनी पुढे स्वतंत्र राहिलीच नाही. एका स्क्रिप्टने आठांवर चढवून, आठांची खात्री करून मगच 'झालं' म्हटलं असतं, तर?

पण अमेरिकेपर्यंत जायची गरजच काय? आमच्याच जिल्ह्यात या. सेनगावच्या शेजारी औंढा नागनाथ तालुका. देवळासाठी सगळ्यांना माहीत. त्या तालुक्यात दुधाळा गावाजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पायाभरणी झाली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेलं हे यंत्र अणूच्या केंद्रापेक्षाही कितीतरी लहान हालचाल मोजणार!

आमच्याकडे लायगो म्हटलं की चर्चा होते ती जमिनीची, रस्त्याची, नोकऱ्यांची. ती व्हायलाच पाहिजे. पण त्या प्रकल्पाचा अर्धा जीव सॉफ्टवेअरमध्ये आहे हे फारसं कुणी बोलत नाही. लहर येऊन जाते सेकंदाच्या अंशात. गोंगाटातून ती ओळखून काढायची तर संगणकावर लाखो नमुने ताडून बघावे लागतात. ह्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुकामधले संजीव धुरंधर आहेत. बी. एस. सत्यप्रकाश ह्यांच्याबरोबर त्यांनी १९९१ मध्येच ह्यावर शोधनिबंध लिहिला होता. पहिली लहर टिपली गेली १४ सप्टेंबर २०१५ ला, म्हणजे तब्बल चोवीस वर्षांनी!

आता विचार करा. लायगोच्या विश्लेषणासाठी वापरली जाणारी 'लॅल-सूट' ही लायब्ररी खुली आहे. तुम्ही-आम्ही उतरवून घेऊ शकतो. तिचं बिल्ड कसं करायचं? आयडीई उघडून हिरवं बटण शोधायचं नाही. कमांड लाइनवर 'कॉन्फिगर', मग 'मेक', मग 'मेक इन्स्टॉल'. अमेरिकेतला विद्यार्थी, इटलीतला प्राध्यापक आणि पुण्याच्या आयुकामधला 'सारथी' नावाचा संगणकसंच, सगळ्यांना त्याच लिखित पायऱ्या. कारण सरळ आहे. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी तोच डेटा तपासून तोच निष्कर्ष काढला तरच तो शोध. 'आमच्या मशीनवर तर लहर दिसतेय' असं म्हणून जगाने मान्य केलं असतं का? आणि शेकडो मशीनच्या संचावर माउस घेऊन कोण फिरणार?

दुधाळ्याची वेधशाळा २०३० च्या सुमारास सुरू व्हावी असं नियोजन आहे. तोवर आपल्यातले काही जण नोकरीत असतील, काही संशोधनात. हिंगोली जिल्ह्यातल्या पोरांनी तिथे नुसतं कुंपणाबाहेरून बघत उभं राहायचं, की आत बसून त्या डेटावर काम करायचं? आत बसायचं असेल तर पहिली पायरी काही फार अवघड नाही. दुसऱ्याचा कोड घेऊन तो कमांड लाइनवर बांधता येणं आणि आपला कोड दुसऱ्याला बांधता येईल असा देणं, इतकीच आहे.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, कारण ती कॉन्व्हेंटवालीनेच सांगितलेली बरी. आपल्याकडे मराठी माध्यमातून आलेली मुलं-मुली काळी स्क्रीन बघून बिचकतात. 'तिथं सगळं इंग्लिश असतं, तुला काय, तू कॉन्व्हेंटची!' असं मला किती जणांनी ऐकवलंय. मला हे पटत नाही. माझ्या इंग्रजीचा उपयोग सेमिनारमध्ये होतो, ग्रुप डिस्कशनमध्ये होतो, ओरलमध्ये तर नको तितका होतो. कमांड लाइनपुढे मात्र त्याला कुणी विचारत नाही. तिथे अ‍ॅक्सेंट चालत नाही, फाडफाड बोलणं चालत नाही. पॉवरशेलमध्ये तर क्रियापद, मग जोडचिन्ह, मग नाम एवढंच व्याकरण. 'गेट' म्हणजे आण, 'सेट' म्हणजे ठेव, 'रिमूव्ह' म्हणजे काढ, 'स्टार्ट' आणि 'स्टॉप' तर एसटीच्या कंडक्टरलाही माहीत. अशी क्रियापदं मोजकीच आहेत, त्यांची यादीच ठरवून दिलेली आहे. उलट आयडीईच्या मेनूत किती शब्द असतात ते एकदा मोजा!

माझी रूम पार्टनर जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली. सेमिनारला तिचे पाय लटपटतात. पण आज आमच्या फ्लोअरवर कुणाचं बिल्ड अडलं की हाक तिला मारतात, मला नाही. तिने सुरुवात आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वरचे लिनक्सचे धडे मराठीतून ऐकत केली. फुकट आहेत, कुणीही ऐकावेत.

शिवाय पैशाचा प्रश्न आहेच. मोठ्या आयडीई गिगाबाइटमध्ये मोजाव्या लागतात आणि जुन्या लॅपटॉपवर उघडेपर्यंत चहा होतो. सुट्टीत सेनगावला गेल्यावर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मी त्या उतरवत बसले, तर सुट्टी संपून जाईल. साधा एडिटर, एक कंपायलर आणि एक स्क्रिप्ट जुन्या मशीनवरही पळते. ज्याचा लॅपटॉप महाग त्याचाच डेमो झकास, हे चित्र बदलायचं असेल तर बिल्ड लॅपटॉपच्या बाहेर काढून कागदावर, म्हणजे स्क्रिप्टमध्ये, आणावंच लागेल.

आजकाल आणखी एक उत्तर मिळतं, 'एआयला सांगायचं, तोच स्क्रिप्ट लिहून देतो.' देतो ना! पण बघा, ती कोड लिहिणारी नवी टूल्स स्वतः काम कशी करतात? तीही टर्मिनलवर कमांड चालवून, आलेली एरर वाचूनच पुढे जातात. त्याने काय चालवलं हे वाचता येत नसेल तर आपण इंजिनियर कसले, नुसते 'ओके' दाबणारे.

आता कॉलेजकडे, विभागप्रमुखांकडे आणि गाईड सर-मॅडमकडे तीन नम्र मागण्या.

एक. प्रोजेक्टचं सबमिशन विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर घेऊच नका. लॅबमधलं एक कोरं मशीन ठेवा. त्यावर कोड उतरवायचा आणि एक कमांड द्यायची. बिल्ड झालं, टेस्ट पास झाल्या, तर मग पुढचे प्रश्न. थोडे मार्क ह्यासाठीच राखून ठेवा. मार्क असल्याशिवाय आपण काही करत नाही, हे आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे! तयार प्रोजेक्ट विकत आणणाऱ्यांचीही ह्यात चांगली अडचण होईल. दुकानातून आणलेला प्रोजेक्ट दुकानदाराने इन्स्टॉल करून दिलेला असतो. तो दुसऱ्या मशीनवर स्वतः उभा करायचा म्हटलं की निम्मा तरी समजून घ्यावाच लागतो.

दोन. रिपोर्टच्या मागच्या पाकिटात सीडी चिकटवणं बंद करा. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसतो, मग ती सीडी वाचणार कोण? विभागाच्या सर्व्हरवर प्रत्येक वर्षीचे प्रोजेक्ट बिल्ड स्क्रिप्टसकट ठेवा. मागच्या बॅचने जिथे सोडलं तिथून पुढच्या बॅचला सुरू करता येईल. आज काय होतं? दरवर्षी तेच लायब्ररी मॅनेजमेंट, तेच अटेंडन्स सिस्टिम, पहिल्यापासून! सीनियर पास झाले की त्यांचं कामही त्यांच्याबरोबर घरी जातं.

तीन. पहिल्या वर्षाला दोन प्रॅक्टिकल्स फक्त कमांड लाइनची घ्या, आणि ती मराठीत समजावून सांगा. शब्द इंग्रजी राहिले तरी चालेल, समजूत आपल्या भाषेतली हवी.

आणि मित्रांनो, कॉलेज काय करायचं ते करेल, आपण तोवर थांबायचं कशाला? आज रात्री जेवण झाल्यावर एक काम करा. आपला चालू प्रोजेक्ट शेजारच्या रूममधल्या मुलाच्या किंवा मुलीच्या मशीनवर उतरवा. तोंडाने एक शब्दही न सांगता त्याला तो चालवायला सांगा. जिथे जिथे तो अडेल आणि तुमच्या तोंडून 'अरे, ते आधी असं करावं लागतं' असं निघू पाहील, तिथे तोंड मिटा आणि ती ओळ स्क्रिप्टमध्ये लिहा. तीन-चार रात्रींत तो काही न विचारता चालवायला लागेल. मग ओरलच्या आदल्या रात्री आपल्याला निवांत झोपता येईल.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी
(मुलींचे वसतिगृह)